कानस घसरली तरी

पोलीस ठाणे क्लनफोर्ड, श्रॉपशायर
दिनांक १२ ऑक्टोबर २०१९, शनिवार. जबाब सुरू सकाळी ९ वाजून ५ मिनिटांनी.

नाव: एल्विन जेम्स प्रॉबर्ट. वय: ४९ वर्षे. धंदा: जुन्या मोटारींचे गिअरबॉक्स उघडून दुरुस्त करणे. राहणार: जुना लोहारखाना, हॉबरी, क्लनफोर्डपासून चार मैल.

मी वर नाव दिलेला एल्विन प्रॉबर्ट, आज आपण होऊन ठाण्यात आलो असून, कॉन्स्टेबल नेरिस गिटिन्स यांच्यासमोर बसून, माझ्या माहितीप्रमाणे व आठवणीप्रमाणे सांगतो की,

मी वरील पत्त्यावर पत्नी मॅरियन हिच्यासोबत राहतो. माझे शिक्षण हॉबरीच्या गावशाळेत व नंतर सोळाव्या वर्षापर्यंत क्लनफोर्डला झाले. त्यानंतर मी कै. ॲम्ब्रोझ टिप्टन यांच्या हाताखाली काम शिकलो. ते वारल्यापासून, म्हणजे गेली अकरा वर्षे, तेच काम त्याच जागेत मी एकटा करतो. मी दर रविवारी हॉबरीच्या चॅपलमध्ये जातो व तेथे भजनांना पेटी वाजवतो. माझ्यावर यापूर्वी कोणतीही तक्रार नाही.

मंगळवार दि. ८ रोजी दुपारी हॉबरी रस्त्यावर मिस्टर लेनर्ड ओकली, निवृत्त गुरांचे डॉक्टर, यांची १९६१ सालची उघडी मोटार चालता चालता मागच्या चाकांत जाम झाली व फिरून कुंपणात गेली. त्यांच्या गळ्याजवळचे हाड मोडले. त्या गाडीचा गिअरबॉक्स मार्चमध्ये मी दुरुस्त केला होता. त्या संदर्भात मी आज आलो आहे.

सुरुवातीलाच मी कॉन्स्टेबल गिटिन्स यांना सांगितले की, मला जे सांगायचे आहे ते एकट्या मिस्टर ओकलींचे नाही. तोच सदोष भाग बसवलेल्या आणखी गाड्या आहेत व त्या चालवणाऱ्यांच्या जिवाला धोका आहे. त्या म्हणाल्या, "सगळं लिहून घेते, मिस्टर प्रॉबर्ट. पण क्रमाने सांगा. मधूनच उचललंत तर कागदावर गोंधळ होतो, आणि मग कोर्टात तुमचीच पंचाईत." त्यावरून मी क्रमाने सांगत आहे.

गिअरबॉक्सच्या तळाशी एक आडवा पोलादी दांडा असतो. त्याला आम्ही ले-शाफ्ट म्हणतो. त्याच्यावर सुईसारखे बारीक रोलर फिरतात आणि त्या रोलरांवर खालच्या गिअरांचे सगळे ओझे असते. हा दांडा वरून कठीण हवा. त्यासाठी त्याला भट्टीत तापवून एकदम थंड करतात; याला पाणी देणे म्हणतात व येणाऱ्या कठीणपणाला पाणी. पाणी आत खोलवर उतरले तर दांडा तीस वर्षे जातो. वरवर राहिले तर रोलर वरचा पापुद्रा फोडतात, त्याच्या कपच्या दातांत जातात आणि गिअरबॉक्स एका क्षणात जाम होतो.

या गाड्यांचे मूळ कारखाने केव्हाच बंद झाले. आता जो माल मिळतो तो जुन्या नमुन्याबरहुकूम नव्याने बनवलेला असतो. त्यात काही फार चांगला असतो. काही नुसता दिसायला चांगला असतो. दोन्ही एकाच रंगाच्या खोक्यात येतात.

दांडा पारखायची आमच्यात रीत अशी की, टोकाला कानस लावून बघायची. कानस चावली तर पोलाद मऊ, माल परत. कानस काचेवरून घसरावी तशी घसरली तर माल ठीक. टोकालाच लावायची, कारण ते टोक गिअरबॉक्सच्या भोकात दडलेले असते व तिथला ओरखडा कोणाला दिसत नाही. मिस्टर टिप्टन कानसही लावत आणि शिवाय दर खेपेतला एक दांडा व्हाइसमध्ये, म्हणजे बाकाला जोडलेल्या लोखंडी पकडीत, धरून हातोड्याने मोडत. मोडलेल्या तोंडावर पाणी किती आत गेले आहे ते कडेच्या करड्या वर्तुळावरून दिसते. ते म्हणत, "कानस कातडी बघते रे. मांस बघायचं तर कापावंच लागतं."

ते वारल्यावर मी मोडणे बंद केले. याची कारणे दोन. एक, चांगला दांडा मुद्दाम मोडणे माझ्या मनाला पटत नसे. दुसरे कारण मिस्टर रोलंड इनस्किप.

मिस्टर इनस्किप, वय अंदाजे ६४, हे क्लनफोर्डच्या बाहेर गुदामातून जुन्या मोटारींचे सुटे भाग विकतात. ते आमच्या चॅपलचे कारभारी आहेत. मी त्यांना वीस वर्षे ओळखतो. माझी आई आजारी असताना ते दर बुधवारी येऊन तिच्यासाठी प्रार्थना करत. सुमारे दहा वर्षांपूर्वी माझ्या व्हाइसमध्ये त्यांच्याकडून आणलेला एक मोडका दांडा त्यांनी पाहिला व ते तेव्हा जमलेल्या गिऱ्हाइकांसमोर हसत म्हणाले, "काय हे बंधू एल्विन, माझ्या मालावर हातोडा? उद्या दानपेटीतलं नाणं दातानं चावून बघशील!" लोक हसले, मीही हसलो. त्यानंतर मी कधी मोडला नाही.

या वर्षी फेब्रुवारीत मी त्यांच्याकडून सहा ले-शाफ्ट घेतले. ते कोठे बनतात हे त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. सहाही दांड्यांना मी कानस लावली. सहाही वेळा ती घसरली. त्यांपैकी चार मी बसवले. एक मिस्टर ओकली यांच्या गाडीत. दोन गाड्या हिवाळ्यासाठी बंद करून लाकडी ठोकळ्यांवर चढवलेल्या आहेत, त्यांच्या मालकांची नावे मी वेगळ्या कागदावर दिली आहेत. चौथ्या गाडीबद्दल पुढे सांगतो.

गुरुवार दि. १० रोजी पोलिसांच्या सांगण्यावरून मी मिस्टर ओकलींच्या गाडीचा गिअरबॉक्स उघडला. तेलात चकचकीत कपच्या होत्या, माशाच्या खवल्यांसारख्या. दांड्याला रोलर फिरतात त्या जागी खड्डे पडलेले होते. मला आधी वाटले की तेल कमी पडले असेल, कारण डॉक्टर तेल बघण्यात आळशी आहेत. पण तेल भरपूर होते.

शुक्रवार दि. ११ रोजी दुपारी बाराच्या सुमारास मी फळीवर उरलेल्या दोन दांड्यांतील एक घेतला. पुन्हा कानस लावली. कानस घसरली. मग तो व्हाइसमध्ये धरून मोडला. कडेचे करडे वर्तुळ अंड्याच्या टरफलाएवढे पातळ होते. आत सगळा मऊ लोखंडासारखा. निदान चौपट खोल हवे होते. मी पुष्कळ वेळ तो तुकडा हातात धरून बसलो. मॅरियन जेवायला बोलवायला आली तेव्हा म्हणाली, "भूत पाहिलंस की काय?" मी जेवलो नाही. तो मोडका दांडा व सहावा न मोडलेला, असे दोन्ही आज ठाण्यात जमा केले आहेत.

त्याच दिवशी तीन वाजता मी मिस्टर इनस्किप यांच्या गुदामात गेलो. तेथे दुसरे कोणी नव्हते. मी तुकडा त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो उजेडाकडे धरला. त्यांना आश्चर्य वाटले असे मला दिसले नाही. आमच्यात झालेले बोलणे आठवते तसे सांगतो.

ते म्हणाले, "बस, बंधू. चहा घेतोस?"

मी म्हणालो, "या खेपेतले किती विकलेत?"

"पंचवीस. त्यातले सहा तुझे."

"उरलेले एकोणीस कुणाला?"

"इकडेतिकडे. दोन पोर्तुगालला गेलेत. हे बघ, नऊ महिन्यांत एक मोडलाय. एक! आणि तोही ओकलीचा, जो गाडी नांगरासारखी हाकतो."

मी विचारले की, दुसऱ्या कोणाकडून तक्रार आली होती का. ते म्हणाले, "लँकेशायरच्या एका माणसाचं पत्र आलं होतं जूनमध्ये. भांडखोर माणूस. त्याला पैसे परत दिले, विषय संपला."

यावरून मला समजले की त्यांना जूनपासून माहीत होते. वर सांगितलेल्या चौथ्या गाडीत मी ऑगस्टमध्ये दांडा बसवला. त्या आठवड्यात मिस्टर इनस्किप माझ्याकडे आले होते व काम चालू असताना तेथे उभे राहून त्यांनी आल्याचा केक खाल्ला होता.

मी म्हणालो, "सगळ्यांना आजच्या आज कळवायला हवं."

ते म्हणाले, "कळवणारच. सोमवारी. मला आधी माझ्या विम्याच्या माणसाशी बोलू दे, रीतसर पत्र काढू दे. आज तू चार ठिकाणी फोन फिरवलास तर उद्या जुन्या गाड्यांच्या सगळ्या क्लबांत बोभाटा. माझं दुकान जाईल ते जाईल, तुझं नाव राहील असं वाटतं तुला? बसवले कुणी? तुझ्या हातांनी. दोन दिवस, एल्विन. त्यात एक रविवार. देवाच्या दिवशी कोण मरतंय?"

मी तुकडा उचलून खिशात ठेवला. तेव्हा ते उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, डोळे मिटले व आम्हा दोघांना योग्य वाट दिसावी म्हणून त्यांनी प्रार्थना केली. मी आमेन म्हणालो. मी घरी गेलो.

मी असा हिशेब केला होता की, दोन गाड्या ठोकळ्यांवर आहेत, त्या हलणार नाहीत. चौथी गाडी फक्त रविवारी चॅपलला येण्यासाठी बाहेर निघते. तेव्हा रविवारी सकाळी मी माझी व्हॅन घेऊन मालकिणीच्या दारात जायचे, काहीतरी निमित्त काढून त्यांना व्हॅनमधून आणायचे, म्हणजे सोमवारपर्यंत थांबण्याचे मिस्टर इनस्किप यांचे म्हणणेही राखले जाईल आणि त्याही सुरक्षित राहतील. हे मला काल रात्री बरोबर वाटले.

चौथी गाडी मिस ॲव्हरिल कॉर्फील्ड यांची आहे. वय ७८, हॉबरीच्या गावशाळेतील निवृत्त शिक्षिका. मला त्यांनी पाच वर्षे शिकवले. आम्ही जुने विद्यार्थी त्यांना अजून बाईच म्हणतो. गाडी हिरव्या रंगाची, दोन आसनांची, त्यांच्या वडिलांनी १९५९ साली नवी घेतलेली आहे. बाईंकडे मोबाइल नाही.

मागच्या रविवारी, दि. ६ रोजी, उपासना संपल्यावर चॅपलच्या फाटकाबाहेर त्या निघाल्या असता मला गिअरबॉक्समधून घरघर ऐकू आली. मी हात करून गाडी थांबवली. तेव्हाचे बोलणे असे:

"बाई, हा आवाज दुसऱ्या-तिसऱ्यात येतो का?"

"येतो की. चौथ्यात टाकली की गप्प. तुझ्यासारखीच आहे, पुढच्या बाकावर आणून बसवली की एकदम शहाणी."

"माझ्याकडे आणून सोडा ना."

"सोमवारी नाही जमायचं. त्याच्या पुढच्या सोमवारी आणते. आणि एवढं तोंड पाडू नकोस रे. साठ वर्षांची झालीय ती. मी तिच्याहून मोठी, मी पण जिना चढताना कुरकुरते."

मागे गाड्या खोळंबल्या होत्या. बाई हॉर्न वाजवून निघून गेल्या. तेव्हा मला दांड्याबद्दल माहीत नव्हते. नवे रोलर अजून जागेवर रुळत असतील असे मी समजलो. चौथ्या गिअरमध्ये ओझे ले-शाफ्टवर पडत नाही, म्हणून आवाज थांबतो. आवाज थांबला की लोक समजतात दोष गेला. हे त्यांना समजावून सांगायचे माझ्याकडून त्या दिवशी राहून गेले.

येथपर्यंत सांगून झाल्यावर कॉन्स्टेबल गिटिन्स यांनी लिहिणे थांबवून मला विचारले, "हिरवी? उघडी? डोक्याला पिवळा रुमाल बांधतात त्याच बाई?"

मी होय म्हणालो.

त्या म्हणाल्या, "अहो, मघाशी मी ड्यूटीवर येताना पंपावर पेट्रोल भरत होत्या त्या! मला म्हणाल्या, हवा छान पडलीय, बेकरीतून पाव घेते नि बहिणीकडे जाते, केस्टर टेकडीवरून."

मी विचारले, "किती वाजता?"

त्या म्हणाल्या, "पावणेनऊ." आणि त्या खुर्ची मागे सारून बाहेर गेल्या.

जबाब थांबवला सकाळी ९ वाजून ३८ मिनिटांनी.

जबाब पुन्हा सुरू सकाळी १० वाजून २५ मिनिटांनी.

मधल्या वेळात मी त्याच खोलीत बसून होतो. मला बाहेर जाऊ दिले नाही. बिनतारी यंत्रावर बोलल्याचे आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. केस्टर टेकडीचा पलीकडचा उतार दीड मैलाचा आहे व त्याला तीन वळणे आहेत. मी मनातल्या मनात प्रार्थना म्हणण्याचा प्रयत्न केला. सुरुवातीच्या शब्दांपुढे गेलो नाही.

कॉन्स्टेबल गिटिन्स परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात चहाचा कप होता. तो त्यांनी माझ्यासमोर ठेवला. त्यांनी सांगितले की, गस्तीची गाडी नऊ पन्नासला टेकडीवर पोहोचली. दुसऱ्या वळणावर हिरवी गाडी दगडी भिंतीला धडकलेली मिळाली. रस्त्यावर मागच्या दोन्ही चाकांच्या काळ्या रेषा सरळ भिंतीपर्यंत गेलेल्या आहेत. मेंढ्या हाकणाऱ्या एका माणसाने धडक ऐकली, तेव्हा साडेनऊ वाजायचे होते.

मी विचारले, "आणि बाई?"

त्या म्हणाल्या, "नाही वाचल्या हो, मिस्टर प्रॉबर्ट."

त्यांनी विचारले की जबाब नंतर पुरा करायचा का. मी नको म्हणालो. आताच पुरा करायचा आहे.

तरी मी पुढे सांगतो की, ऑगस्टमध्ये गाडी परत नेताना बाईंनी ब्रेक जुने झाल्याचे बोलून दाखवले होते. तेव्हा मी त्यांना सांगितले होते की उतारावर ब्रेकवर विसंबू नका, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवा, गिअरबॉक्स आता नवा आहे. त्या म्हणाल्या होत्या, "बरं, मास्तर." गाडी दुसऱ्या गिअरमध्ये अडकलेली आहे असे गस्तीच्या माणसाने कळवले आहे. त्यांनी माझे ऐकले होते.

दहा वाजून चाळीस मिनिटांनी टेबलावर ठेवलेला माझा मोबाइल वाजला. नाव मिस्टर रोलंड इनस्किप यांचे होते. कॉन्स्टेबल गिटिन्स म्हणाल्या, "घेऊ नका." मी घेतला नाही. तो थांबला व पुन्हा वाजला. नंतर त्यांचा लेखी निरोप आला, तो मी कॉन्स्टेबल गिटिन्स यांना वाचायला दिला. निरोप असा होता: "टेकडीवर काहीतरी झालंय म्हणतात. तू कुठे आहेस? कुणाशी बोलण्याआधी मला भेट. देव आपल्या सोबत आहे." हा निरोप मी पुसलेला नाही व मोबाइल ठाण्यात ठेवत आहे.

उरलेल्या एकोणीस दांड्यांची यादी मिस्टर इनस्किप यांच्या टेबलाच्या डाव्या खणात निळ्या वहीत असते. ती आज, आत्ता, ताब्यात घ्यावी. एकोणीस गाड्यांपैकी कोणत्या आज रस्त्यावर आहेत हे मला माहीत नाही. शनिवार आहे आणि ऊन पडले आहे.

मला विचारण्यात आले की दांडे वाईट आहेत हे मला नक्की केव्हा कळले. शुक्रवारी दुपारी बारा ते साडेबाराच्या दरम्यान. मला विचारण्यात आले की त्यानंतर मी मिस कॉर्फील्ड यांना का सांगितले नाही. मिस्टर इनस्किप यांनी मला कोंडले नव्हते, धमकावले नव्हते. त्यांच्या गुदामातून माझ्या घरी जाताना बाईंचे घर रस्त्यावरच लागते. दुपार असूनही दिवा लागलेला होता. त्या खिडकीशी बसून काहीतरी तपासत होत्या. मी गाडीचा वेग कमी केला नाही.

मला वकील हवा का असे विचारले. मी नाही म्हणालो. मॅरियनला निरोप द्यावा एवढी विनंती केली.

हा संपूर्ण जबाब कॉन्स्टेबल गिटिन्स यांनी मला पहिल्या ओळीपासून सावकाश वाचून दाखवला. मी बोललो तसाच तो उतरला आहे, त्यात कमी-जास्त काही नाही. मात्र ऐकून झाल्यावर मी त्यात एक मजकूर वाढवण्यास सांगितले व तो माझ्या सांगण्यावरून येथे लिहिला आहे, तो असा:

शुक्रवारी संध्याकाळी साडेसहा ते सात मी आमच्या घरातल्या फोनजवळ उभा होतो. बाईंचा नंबर मला पाठ आहे. मॅरियनने स्वयंपाकघरातून विचारले, "कुणाला लावतोयस?" मी म्हणालो, "कुणाला नाही."

सही: एल्विन जे. प्रॉबर्ट
वेळ: सकाळी ११ वाजून २० मिनिटे
समक्ष: नेरिस गिटिन्स, कॉन्स्टेबल